उधाण, भांग आणि तारांगण: कविता आणि विज्ञान एकाच शब्दात कसे राहतात?

हेडफोन लावलेत? मग आधी एक छोटं काम करा. फोनवर सर्च उघडा आणि मराठीत ‘भरती’ असं टाइप करा. काय आलं? पोलीस भरती, तलाठी भरती, कुठल्यातरी महामंडळाची जाहिरात, अर्जाची शेवटची तारीख. समुद्राची भरती सापडायला बरंच खाली जावं लागतं.

मी वरळीत वाढलो. नोकरी सॉफ्टवेअरची, पण समुद्र घरापासून दहा मिनिटांवर. त्यामुळे ‘भरती’ म्हटल्यावर मला आधी पाणी दिसतं आणि मग फॉर्म. आजचा भाग अशाच काही शब्दांवर आहे, जे कवीलाही लागतात आणि शास्त्रज्ञालाही. आपण सहसा असं धरून चालतो की कविता म्हणजे भावना, विज्ञान म्हणजे सूत्रं, आणि दोघांची घरं वेगळी. मला मात्र वाटतं की घर एकच आहे, आणि ते म्हणजे भाषा. दोघंही आधी नीट बघतात, मग बघितलेल्या गोष्टीसाठी जवळचा शब्द उचलतात. फरक पडतो तो त्यानंतर. कसा, ते सांगतो.

उधाण म्हणजे नेमकं काय?

पावसाळ्यात वरळी सी-फेसला गेला असाल तर लाटा भिंतीवरून रस्त्यावर येताना पाहिल्या असतील. बातमीत येतं, ‘समुद्राला उधाण’. आपण समजतो की समुद्र खवळलाय. पण उधाण या शब्दाला एक पक्का अर्थ आहे आणि तो आकाशाशी जोडलेला आहे.

चंद्र पृथ्वीला ओढतो. त्याच्या बाजूच्या पाण्यावर ही ओढ जास्त, पृथ्वीच्या मध्यावर थोडी कमी आणि पलीकडच्या पाण्यावर सगळ्यात कमी. म्हणून पाण्याला दोन फुगवटे येतात, एक चंद्राच्या बाजूला आणि एक बरोबर उलट्या बाजूला. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपण या दोन्हींमधून जातो, म्हणून साधारण दिवसात दोन भरत्या. चंद्रही दरम्यान थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे दोन भरत्यांमधलं अंतर १२ तास नाही, तर साधारण १२ तास २५ मिनिटं.

आता यात सूर्य आणा. सूर्यही पाणी ओढतो, पण भरतीवरचा त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते आणि भरती खूप वर चढते, ओहोटी खूप खाली उतरते. हे उधाण. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र एकमेकांशी काटकोन करतात. एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे. मग भरती बेताची, ओहोटीही बेताची. याला म्हणतात भांग. (नाही, ती भांग नाही. केसांतला भांगही नाही. हा तिसरा.)

मुंबईपुरते आकडे सांगायचे तर, उधाणाची भरती साडेचार मीटरच्या आसपास जाते आणि ओहोटी एक मीटरच्याही खाली. भांगाच्या दिवसांत भरती सव्वातीन मीटरच्या आसपास थांबते आणि ओहोटी पावणेदोन-दोन मीटरपर्यंतच उतरते. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारा रस्ता भरतीत पाण्याखाली जातो, तो किती वेळ जाईल हे याच गणितावर ठरतं. अजून एक बारकावा: सगळ्यात मोठी भरती ऐन पौर्णिमेला येत नाही, ती एक-दोन दिवसांनी येते. पाण्याला ओढीमागून पोचायला वेळ लागतो.

शाळेच्या भूगोलात ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’ हेच शब्द आहेत. किनाऱ्यावरचे लोक पिढ्यानपिढ्या वापरतात तेच शब्द पुस्तकाने उचलले. इंग्रजीत उधाणाच्या भरतीला ‘स्प्रिंग टाइड’ म्हणतात आणि तिचा वसंत ऋतूशी काहीही संबंध नाही. स्प्रिंग म्हणजे इथे उसळणं. ‘नीप टाइड’मधला नीप कुठून आला हे तर इंग्रजीच्या जाणकारांनाही पक्कं सांगता येत नाही. म्हणजे इथे मराठी मुलगा पुढे आहे. त्याला उधाण शब्द ऐकल्याबरोबर पाणी वर येताना दिसतं.

पाऊणपटीचा अल्गोरिदम

वरळी कोळीवाड्यातल्या माझ्या एका शाळामित्राचे आजोबा फोन न बघता भरतीची वेळ सांगायचे. त्यांचा नियम एका ओळीत संपतो: तिथीची पाऊणपट करा. कोकण किनाऱ्यावर हा नियम अनेकांना ठाऊक आहे.

समजा आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, दुपारीही आणि रात्रीही. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. एकादशी असेल तर सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. ओहोटी साधारण सहा तासांनी. संपलं.

हे चालतं का? मी एका रविवारी बसून गणित मांडलं. मुंबईत अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते. तिथून रोज ती उशिरा उशिरा येत जाते आणि एका चांद्रमासात, म्हणजे ३० तिथींत, तिची वेळ पूर्ण २४ तास फिरून परत बारावर येते. २४ तासांची मिनिटं १४४०. त्याला ३० ने भागा. उत्तर येतं ४८ मिनिटं प्रत्येक तिथीला. आजोबांचा नियम म्हणतो पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं. फरक फक्त ३ मिनिटांचा. पंधरवड्याच्या शेवटी तो साचून पाऊण तास होतो, पण तोवर अमावास्या किंवा पौर्णिमा येते आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. आमच्या भाषेत सांगायचं तर, एरर साचत जाते आणि दर पंधरा दिवसांनी रिसेट होते.

मग ४८ का नाही घेतले? कारण ४८ मिनिटांनी तोंडी गुणता येत नाही. पाऊणपट मात्र जुन्या पिढीला पाठ असायची. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे शाळेत मोठ्याने म्हणून घेत. तालात म्हटलेली गोष्ट डोक्यात राहते, हे कवितेचं तंत्र इथे हिशेबाला वापरलंय.

आणि तिथीच का? तारीख का नाही? कारण तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन. दर १२ अंशांना एक तिथी. भरतीची वेळ आणि उंची ज्या गोष्टीवर मुख्यतः अवलंबून आहे, तोच हा कोन. ‘१४ जुलै’ असं सांगितलं तर समुद्राबद्दल काहीच कळत नाही. ‘चतुर्थी’ म्हटलं की चंद्र कुठे आहे, पाणी केव्हा येईल, किती येईल, सगळ्याचा अंदाज येतो. योग्य व्हेरिएबल निवडला की अर्धा प्रोग्रॅम लिहून झालेला असतो, असं आम्ही ऑफिसात म्हणतो. इथे तो निवडून एका शब्दात ठेवलेला आहे.

एक सावधगिरी. हा अंदाज आहे. दुसऱ्या बंदरावर सुरुवातीची वेळ बदलते आणि वारा, पाऊस वगैरे गोष्टी त्यात नाहीत. पाण्यात उतरणार असाल तर भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रकच बघा.

एकच नाव, तीन प्रवासी

आता शब्दावरून उपमेकडे येऊ. तुम्ही नावेत बसलाय, नाव पाण्यावर संथ चाललीय आणि किनाऱ्यावरची झाडं मागे पळताना दिसतायत. लोकलच्या खिडकीतही हाच अनुभव येतो. या एका दृश्याचा प्रवास ऐका.

इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने ‘आर्यभटीय’ लिहिलं. खगोलशास्त्राचा ग्रंथ, आणि सगळा पद्यात. त्यात तो म्हणतो की नावेतून पुढे जाणाऱ्याला जशा स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरते पृथ्वी, तारे नाही.

१२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. चौथ्या अध्यायात कर्म करूनही अकर्ता राहणं म्हणजे काय, हे समजावताना ज्ञानेश्वर हीच नाव आणतात. नावेतल्या माणसाला काठची झाडं धावताना दिसतात, प्रत्यक्षात ती जागेवरच असतात. लगेच पुढे सूर्याचा दाखला येतो: तो उगवताना, मावळताना दिसतो, म्हणून चालतो असं वाटतं, पण त्याचं ते चालणं न चालताच होतं.

१५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ छापला गेला. पृथ्वी फिरते हे पटवताना त्याने दाखला कुणाचा दिला? व्हर्जिल या रोमन कवीचा. त्याच्या महाकाव्यात जहाज बंदर सोडतं तेव्हा जमीन आणि गावं मागे सरकताना दिसतात, ती ओळ कोपर्निकसने आपल्या पुस्तकात घातली.

आता व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज तुम्हाला आठवला असेल: ‘ज्ञानेश्वरांनी कोपर्निकसच्या आधीच शोध लावला होता.’ मला ही घाई पटत नाही. ज्ञानेश्वर ग्रहगणित मांडायला बसले नव्हते. त्यांना कर्म समजावायचं होतं, आणि त्यासाठी श्रोत्याच्या डोळ्यासमोरचं दृश्य हवं होतं. आर्यभटाची नाव आकडेमोडीला जोडलेली आहे, त्यावरून तपासता येतील अशी उत्तरं निघतात. ज्ञानेश्वरांची नाव मनाकडे जाते. दोन्ही नावा खऱ्या, पण त्यांचे मुक्काम वेगळे. ज्ञानेश्वरांना खगोलशास्त्रज्ञ केलं की त्यांनी खरंच काय केलं ते दिसेनासं होतं. संस्कृतात अडकलेला अवघड विचार त्यांनी नाव, झाड, सूर्य अशा शब्दांनी मराठी माणसाच्या हातात दिला. विज्ञान समजावणाऱ्यालाही हेच काम करायचं असतं.

कवी शब्द सोडतो, शास्त्रज्ञ बांधतो

मग फरक काय? ‘आनंदाला उधाण आलं’ म्हणताना आपण उधाणातलं वाढणं घेतो, अनावर होणं घेतो आणि अमावास्या-पौर्णिमा सोडून देतो. ‘चर्चेला उधाण’ म्हणणारा पत्रकारही तेच करतो. ‘लोकप्रियतेला ओहोटी लागली’, तेही तसंच. कविता शब्दाला मोकळं सोडते, तो कुठेही जाऊन बसतो. विज्ञान उलट करतं. ते मोकळा शब्द पकडतं आणि सांगतं, आजपासून तुझा अर्थ एवढाच.

अणू आणि रेणू घ्या. तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात हे दोन्ही शब्द जोडीने येतात. सतराव्या शतकातल्या त्या अभंगात दोघांचा अर्थ अगदी बारीक, सूक्ष्म एवढाच. रेणू म्हणजे मुळात धुळीचा कण. पुढे मराठी विज्ञानाने दोघांना कामं वाटून दिली: अणू म्हणजे ॲटम, रेणू म्हणजे मॉलिक्यूल. गंमत म्हणजे हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. म्हणजे शब्दात अर्थ आधीपासून लपलेला नसतो, भाषा वापरणारे तो ठरवतात. हिंदी आणि मराठी दोन्हीत विज्ञान वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवा, नाहीतर परीक्षेत गोंधळ नक्की.

चुंबक घ्या. संस्कृतात त्याचा सरळ अर्थ आहे चुंबन घेणारा. लोखंडाला जाऊन चिकटणाऱ्या दगडाला हे नाव कुणी दिलं माहीत नाही, पण दहावीचं पुस्तक उघडताना कुणी लाजत नाही, कारण वापरून वापरून शब्द शास्त्रीय झालाय.

आणि आमच्या वरळीचा शब्द, तारांगण. नेहरू तारांगण सुरू झालं १९७७ मध्ये. इंग्रजी ‘प्लॅनेटेरियम’ म्हणजे ग्रहांची जागा. मराठीत तारा अधिक अंगण. खाटेवर पडून आकाश बघायची जागा! चाळीत राहणाऱ्यांना अंगण नव्हतं, गॅलरी होती. तरी शब्द कळायला कुणाला अडचण आली नाही.

शब्द रुजवायला गोष्ट लागते, हे जयंत नारळीकरांनी दाखवलं. ‘ब्लॅक होल’ हे नाव जॉन व्हीलर यांनी १९६७ पासून लोकप्रिय केलं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नाव टोपण होतं, जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं. ज्यांनी भौतिकशास्त्राचा पेपर कधी दिला नाही, अशा वाचकांपर्यंत कृष्णविवर हा शब्द कथेतून पोचला. याच खगोलशास्त्रज्ञाच्या मराठी आत्मचरित्राला पुढे २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

काही शब्द चालतात, काही पडून राहतात

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे गेली. लोकांनी तिला काय म्हटलं? आगगाडी. वाफेवर चालणारं जहाज आगबोट. आग दिसली, गाडी दिसली, शब्द तयार. याउलट ‘भ्रमणध्वनी’. भटकणारा आवाज! कल्पना म्हणून किती सुंदर. पण ‘माझा भ्रमणध्वनी चार्जिंगला लाव’ असं घरी म्हणून बघा. तो सरकारी पत्रकात राहिला आणि हातात मोबाईलच आला. शब्द सुंदर असून भागत नाही, तो धावपळीत तोंडात बसावा लागतो.

इंग्रजी काही वेगळं करत नाही. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप पाहिला, त्याला छोट्या छोट्या खोल्या दिसल्या, त्याने नाव दिलं ‘सेल’, म्हणजे खोली. ‘क्वार्क’ हे नाव मरे गेल-मान यांना जेम्स जॉइसच्या कादंबरीत सापडलं. आमच्या धंद्यात क्लाउड म्हणजे ढग, बग म्हणजे किडा, थ्रेड म्हणजे धागा.

एका ॲपच्या मराठी आवृत्तीवर काम करताना कुणीतरी ‘ढगात जतन करा’ असं लिहिलं आणि आख्खी टीम हसली. मीही हसलो. नंतर विचार केला, इंग्रजीतही ते ढगात जतन करणंच आहे, मग तिथे कुणी का हसत नाही? कारण तिथे सवय झाली. ‘पुस्तकाचं पान’ म्हणताना आपल्याला झाडाचं पान आठवून हसू येतं का? कधीतरी कुणीतरी ते पहिल्यांदा म्हटलं असणार.

मग अडचण कुठे आहे?

आज बऱ्याच मराठी शाळांत सेमी-इंग्रजी आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. पालकांना मी दोष देणार नाही. मी दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलो आणि अकरावीला सायन्सला गेलो. तिथे पहिले दोन महिने मराठी शाळेतून आलेली आम्ही सात-आठ मुलं मागच्या बाकावर गप्प होतो. प्लावक बल काय असतं ते आम्हाला येत होतं, ‘बॉयन्सी’ येत नव्हतं. सर विचारायचे तेव्हा उत्तर माहीत असून हात वर जात नव्हता. हा त्रास आपल्या मुलांना नको असं कुणालाही वाटेल.

पण याची दुसरी बाजू बघा. मराठीच्या तासाला फक्त कविता उरली आणि विज्ञानाच्या तासाला फक्त इंग्रजी. भूगोल मराठीत राहिला म्हणून उधाण वाचलं. बाकी शब्दांचं काय? हळूहळू मुलाच्या डोक्यात बसतं की मराठी रडायला, हसायला, आईशी बोलायला, आणि विचार करायला दुसरी भाषा. मग कवितेचंही नुकसान होतं. ज्याला चंद्र आणि पाणी यांचं नातं माहीत नाही, त्याला ‘उधाण’ म्हणजे नुसतं ‘खूप’. शब्द उरतो, आतला समुद्र आटतो.

यात माझ्या कामाचाही भाग आहे. आजची मशीन शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांवरून शिकते. ‘भरती’च्या शेजारी अर्ज, परीक्षा, वयोमर्यादा हेच लिहिलेलं असेल तर तिला तेवढंच कळणार. ‘भरती’च्या शेजारी चंद्र, कोन, तिथी, हाजी अली असं लिहिणारं माणूस आधी हवं. इंग्रजी सोडा असं मी म्हणत नाही, माझी नोकरीच त्यावर चालते. ‘बॉयन्सी’ शिकाच. पण प्लावक बल विसरून नको, आणि लहान भावंडाला समजावताना आधी विहिरीत बुडवलेली बादली पाण्यात असेपर्यंत का हलकी लागते, ते सांगा. इंग्रजी शब्द त्यानंतर दिला तरी चालेल.

या आठवड्यासाठी एक काम देतो. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मोठ्या माणसाला त्यांच्या कामातला असा एक शब्द विचारा, ज्यात नेमकं माप किंवा निरीक्षण दडलेलं आहे. शेत, समुद्र, गिरणी, स्वयंपाकघर, काहीही चालेल. शब्द, त्याचा अर्थ आणि तो कुठे बोलतात एवढं रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात पावसाचे शब्द घेऊ: वळीव आणि झड. दोन्ही कवितेत भिजलेले, आणि दोन्हींच्या मागचे ढग पूर्ण वेगळे. तोपर्यंत, आज तिथी कोणती ते बघा आणि पाऊणपट करून ठेवा.